देवीला न जाता भवानी मंडपात कसं बसायचं

"कुणाची वाट बघतीस गं?"

कोल्हापूरच्या भवानी मंडपात एकटी बाई दहा मिनिटांच्या वर बसली की हा प्रश्न येतोच. विचारणारी ओळखीची असते, विचारणं मायेचंच असतं. "कुणाची नाही, उगंच बसलोय" एवढं सरळ उत्तर तोंडातून निघायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहायला घेतलंय.

(आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी बसलो', 'मी जातो' असंच म्हणतो. लिहिताना 'बसले', 'जाते' येतं ते शाळेत बाईंनी घोटून घेतल्यामुळं. खाली दोन्ही दिसलं तर गोंधळू नका.)

आधी माझं सांगते. महाद्वार रोडच्या आत एका बोळात माझं फॉल-बिडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री, दोऱ्यांचे डबे आणि खिळ्यांना अडकवलेल्या साड्यांच्या पिशव्या. तिसरं माणूस आत आलं तर पहिल्यानं बाहेर जायचं. सकाळी दहाला बसते, साडेसातला उठते. घर मंगळवार पेठेत. त्यामुळं जाता-येता भवानी मंडप वाटेवरच पडतो. तीस वर्षं तो रोज ओलांडलाय. बसायचं कधी डोक्यातच आलं नाही. दिवसभर बसूनच असते, आणखी बसायचं कशाला?

मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तासाला एकदा तरी लांबचं बघत जा. माझ्या दुकानातून लांबचं म्हणजे समोरची भिंत, सहा फुटांवर. लांबचं बघायला मिळेल अशी वाटेवरची एकच जागा होती.

तर सुरुवात पिशवीपासून करायची. आमच्याकडं बाईला संध्याकाळी तासभर घराबाहेर राहायचं असेल तर एक वाक्य पुरतं, 'देवीला जाऊन येतो.' देवी म्हणजे आमची अंबाबाई. त्या वाक्यावर कुणी हरकत घेत नाही, सासूसुद्धा नाही. हातात ओटीची नाहीतर भाजीची पिशवी असली की ते वाक्य न बोलताच ऐकू येतं. मी पहिले सहा महिने अशीच बसायचे. पिशवी मांडीवर, चपला पायात, कधीही उठून जाईन अशी. कुणी दिसलं की घाईनं सांगायचे, "आत्ताच दर्शन झालं, जरा टेकले." दर्शन झालेलं नसायचं. देवीच्या नावावर खोटं बोलायचं आणि परत देवीपासून दोन मिनिटांवर बसून, हे मनाला खायला लागलं. म्हणून पिशवी दुकानातच ठेवायला लागले. पैसे आणि किल्ली कमरेच्या बटव्यात. देवळात जायचं असेल तर वेगळ्या दिवशी मुद्दाम जाते, नीट रांगेत उभी राहून. बसायच्या दिवशी फक्त बसणं.

पिशवी गेली की हातांचं काय करायचं, हा पुढचा घोळ. माझे हात तीस वर्षांत रिकामे राहिलेले नाहीत. पहिल्या दिवशी मी पदराच्या कडेला सुटलेला दोरा ओढत बसले आणि चांगली वीतभर शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी मोबाइल कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलतेय असं दाखवायला लागले. "हो का... बरं... मग काय म्हणाले ते?" असं दहा मिनिटं चाललं असेल, तेवढ्यात तोच मोबाइल कानात जोरात वाजला. शेजारी एक कॉलेजचा पोरगा बसला होता. त्यानं मान फिरवली, पण खांदे हलत होते. फोन मुलाचा होता, "आई, कुठायस?" मी म्हटलं, "देवीला."

म्हणून नवशिकीनं शेंगा घ्याव्यात. भाजलेल्या, सालासकट, कागदाच्या पुडीत. सोलायला वेळ लागतो, हात गुंततात, आणि बघणाऱ्याला वाटतं बाई काहीतरी खातेय, म्हणजे कामात आहे. एक पुडी साधारण वीस मिनिटं पुरते. टरफलं त्याच कागदात गोळा करायची, मंडपात टाकायची नाहीत. दोन-तीन महिन्यांत शेंगा सुटतात. माझ्या सुटल्या. आता घेते त्या आवडतात म्हणून.

आता मंडपाविषयी थोडं, बाहेरगावच्यांसाठी. भवानी मंडप हा जुन्या राजवाड्याचा भाग. मोठ्या दगडी कमानीतून आत आलं की मोकळी जागा, तिच्याभोवती काळ्या दगडाच्या इमारती, छत्रपती घराण्याच्या तुळजाभवानीचं मंदिर. शाळा इथंच, पोलीस ठाणं इथंच. अंबाबाईच्या देवळाचा पूर्व दरवाजा जवळच, त्यामुळं दर्शन झालेला माणूस चपला शोधत, प्रसादाचा पुडा सांभाळत इकडंच येतो. रिक्षानं येणार असाल तर बिंदू चौकाला उतरून पाच मिनिटं चाला, गाडी असेल तर तिथल्याच पार्किंगला लावा. मंडपात गाडी घालून बसायला जागा शोधणं म्हणजे ताटावर पाय ठेवून जेवायला बसण्यासारखं आहे. दुचाकी लावणाऱ्यांनी बसायच्या अर्ध्या जागा आधीच खाल्ल्यात, त्यात आपली भर नको. मला यावर आणखी बरंच बोलता येईल, पण रक्तदाब वाढतो.

वेळ निवडताना दगडाचा विचार करा. उन्हाळ्यात हा दगड दिवसभर तापतो आणि सातपर्यंत तवा असतो. एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत बसू नका, बसलात तर खाली ओढणी घाला. थंडीत उलटं. साडेपाच-सहाला दगड अजून कोमट असतो, पाठ टेकली की शेकल्यासारखं होतं. माझ्या कमरेला ते मानवतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी दुकान दीड-दोन तास आधी बंद करते. गिऱ्हाईक ओरडतं. ओरडू दे.

वार सांगायचे तर मंगळवार-शुक्रवार देवीचे, गर्दीचे. नव्या माणसानं शुक्रवारपासून सुरुवात करावी असं माझं मत. गर्दीत एकट्या बाईकडं कुणाचं लक्ष जात नाही. सरावल्यावर बुधवारी या. बुधवारी मंडप निवांत असतो आणि माणसं मोजता येतील इतकी असतात. सुट्टीचे दिवस टाळा. बसेस भरभरून माणसं येतात आणि तुम्ही जिथं बसाल तिथं कुणाच्या तरी फोटोत येता. "काकी, जरा बाजूला व्हा" असं तिसऱ्यांदा ऐकलं की कळतं, आज आपला दिवस नाही.

जागा कुठली? वाटेवर बसायचं नाही आणि अगदी कोपऱ्यातही बसायचं नाही. कोपऱ्यात बसलेली बाई रडतेय की काय, असं लोकांना वाटतं आणि मग चौकशा सुरू होतात. पाठीला भिंत किंवा खांब हवा, समोर कमान दिसायला हवी. कमानीतून येणारी माणसं बघण्यासारखी असतात. बाहेरच्या गजबजाटातून आत आली की चालणं आपोआप हळू होतं आणि मान वर जाते. रोजची माणसं मान वर करत नाहीत. नवीन कोण आणि गावचं कोण, ते तेवढ्यावरून कळतं.

बसल्यावर काय बघायचं, याचं माझं उत्तर असं की आपल्या धंद्याच्या डोळ्यांनी बघा. मला आधी वाटायचं, कामाचा विचार सोडून बसलं पाहिजे. जमलंच नाही. मग मी साड्याच बघायला लागले आणि त्या दिवसापासून तासभर कसा जातो कळत नाही.

एक दाखवते. बाई चालताना तिच्या निऱ्यांच्या खालच्या कडेकडं बघा. कड सरळ, पायावर पडल्यासारखी असेल तर फॉल लावणारीनं फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग लावलाय. सुती फॉल तसाच कोरा लावला तर पहिल्या धुण्याला आकसतो, साडी आकसत नाही, आणि मग कड गोळा होऊन बारीक लाटा पडतात. महागातली पैठणी आणि खाली लाटा, असं दिसलं की माझ्या जिवाची घालमेल होते. दुसरं, बाहेरच्या बाजूनं बारीक टिपेची रेघ दिसली तर ती मशीनची शिलाई. हातशिलाईत सुईनं साडीचा एखादाच धागा उचलायचा असतो, टाका बाहेर दिसता कामा नये. एकदा एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मला तिच्या कडेला एक टाका दिसला, तिरका, जरा मोठा. तो माझाच. चार-पाच वर्षांपूर्वी लाईट गेली असताना घातलेला. तिला माहीत नव्हतं. मी काही बोलले नाही.

साडीवरून गावंही ओळखू येतात. कर्नाटकातून आलेल्या बायकांचं इरकल लांबूनच कळतं, लाल पदरावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे, त्याला टोप-तेनी म्हणतात. तेलंगण-आंध्रकडच्या बायका घोळक्यानं येतात, केसांत गजरे असतात आणि बऱ्याच जणी तिरुपती करून आलेल्या असतात. तिरुपतीचं आणि आपल्या अंबाबाईचं नातं आहेच. दर नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीला मानाचा शालू येतो. त्या शालूला फॉल लागत नाही, हे मी एकदा मुलाला सांगितलं तर तो हसत सुटला.

तुमचा धंदा वेगळा असेल. गवंडी असाल तर मंडपाचे दगड बघा. एका दगडाचा दुसऱ्याशी सांधा कसा बसवलाय हे बघताना तुमचा तास जाईल. शिक्षक असाल तर साडेपाचच्या सुमाराला या. महाराणी लक्ष्मीबाई गर्ल्स हायस्कूलच्या, म्हणजे आमच्या एमएलजीच्या मुली सुटतात तेव्हा मंडपात जो कालवा होतो तो ऐकून तुम्हाला आपला वर्ग शांत वाटेल. मीही एमएलजीचीच. आम्ही सायकली हातात धरून इथंच उभ्या राहायचो. घरी उशीर का झाला विचारलं की सांगायचो, सायकलीची चेन पडली. म्हणजे निमित्त काढायची सवय तेव्हापासूनची.

बसून राहण्याचा सराव करायला एक सोपी युक्ती आहे, ती मला ६ मे २०२२ ला सापडली. शाहू महाराजांना जाऊन त्या दिवशी शंभर वर्षं झाली. सकाळी दहा वाजता अख्ख्या कोल्हापुरानं शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं. मी दुकानाकडं निघाले होते, मंडपात पोचले आणि दहा वाजले. सगळं थांबलं. रिक्षावाला खाली उतरून उभा, हारवाल्या मावशी हातात अर्धा ओवलेला हार धरून उभ्या, एक बाई पोराचा हात घट्ट धरून उभी. रोजच्या आवाजाखाली कबुतरांच्या पंखांचा आवाज असतो, हे मला त्या दिवशी कळलं. शंभर सेकंद म्हणजे किती मोठा वेळ असतो बघा. मी मनात मोजत होते आणि साठावर आल्यावर वाटलं, आता संपलं असेल.

तेव्हापासून बसले की आधी शंभर मोजते. हात मोकळे, मोबाइल बटव्यात, काही करायचं नाही. पहिल्या चाळीसला घरची आठवण येते, गॅस बंद केला का, दूध आत ठेवलं का. सत्तरच्या पुढं ते मागं पडतं. नव्वदला समोरचं दिसायला लागतं. पुढं मोजायची गरज पडत नाही.

आता प्रश्नांची उत्तरं, कारण खरी परीक्षा तिथंच. "कुणाची वाट बघतीस?" याला "उगंच बसलोय" एवढंच उत्तर द्या आणि पुढं "तू पण बस की" जोडा. दहातल्या आठ जणी म्हणतात, "नको बाई, घरी सगळं पडलंय," आणि जातात. दोघी टेकतात. त्यातली एक हळूच सांगते की तिलाही कधीपासून बसायचं होतं. माझी आजची मैत्रीण मला अशीच मिळाली. ती आधी माझी गिऱ्हाईक होती, दहा वर्षं 'ताई, उद्या देता का' याच्या पुढं आमचं बोलणं गेलं नव्हतं. "घरात काही झालंय का?" असं विचारणाऱ्या वडीलधाऱ्या बायका असतात. त्यांना हसून "काही नाही काकी, कंबर मोकळी करतोय" म्हणा. कंबर हे कोल्हापुरात सर्वमान्य कारण आहे. हे पण निमित्तच झालं म्हणा, पण निदान खरं आहे. बापे सहसा काही विचारत नाहीत. विचारलंच एखाद्यानं, तर उलट विचारा, "तुम्ही कुणाची वाट बघताय?" पुरुष वर्षानुवर्षं कट्ट्यावर बसतात, त्यांना हे कधी कुणी विचारलेलं नसतं. गोंधळतात.

घरी काय सांगायचं? मी सहा महिने खोटं बोलले आणि एके दिवशी सासूबाईंनीच पकडलं. "रोज देवीला जातीस, कपाळाला कुंकू देवळातलं दिसत नाही." मी सांगून टाकलं, मंडपात बसतो. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसती बसतीस? काही घेत नाहीस?" त्यांना वाटलं मी भेळ खाते आणि त्यांच्यासाठी आणत नाही. आता आठवड्यातून एकदा त्यांच्यासाठी नेते.

भेळीवरून सांगते. मंडपातून खासबागेच्या बाजूला चालत गेलं की खाऊगल्ली. ओली भेळ पाच मिनिटांत मऊ पडते, ती गाडीपाशी उभ्यानंच खायची. घरी न्यायची तर चिंच-गुळाचं पाणी वेगळं बांधून घ्या. बाहेरच्या माणसानं "तिखट कमी" असं आधी सांगावं आणि तरी पाण्याची बाटली जवळ ठेवावी, कारण आमचं कमी म्हणजे काय ते आम्हालाही नीट माहीत नाही. मिसळ संध्याकाळी मागू नका. मिसळ सकाळची, आणि स्लाइस पावाबरोबर. हा विषय एवढ्यावरच थांबवते, नाहीतर कोणाची मिसळ भारी यावरून भांडण लागेल.

त्याच बाजूला केशवराव भोसले नाट्यगृह आणि त्याला लागून खासबागेचं कुस्तीचं मैदान. शाहू महाराजांनी विलायतेच्या प्रवासात रोमचं मैदान बघितलं आणि त्या धर्तीवर हे बांधून घेतलं, मधला आखाडा कुठूनही दिसावा असा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, म्हणजे ज्या गायक-नटाचं नाव नाट्यगृहाला आहे त्यांची जयंती. सकाळी मी दुकान उघडलं नाही, सरळ तिकडं गेले. रस्त्यावर माणसंच माणसं, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडं बघत उभे होते आणि त्यांच्या शेजारी एक तरुण पोरगा, ओळख नसताना, त्यांचा दंड धरून उभा होता. मी दोन तास तिथं होते. त्या दिवशी मात्र मला कुणीही विचारलं नाही की तू इथं का उभी आहेस.

दूध कट्ट्यावर जायचं असेल तर मंडपातली बैठक आवरती घेऊन गंगावेशीत चालत जा, महाद्वार रोडनं पापाची तिकटी ओलांडून. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, समोर धार काढून पेला हातात देतात. पेल्यात अर्धा फेस, दूध अंगाच्या उबेएवढं गरम. फेस बसायची वाट बघायची नाही, फेसासकट प्यायचं, आणि ओठावरची मिशी पुसायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं मी एकटीच बाई होते. दूधवाले मामा म्हणाले, "पार्सल?" मी म्हटलं, "न्हाई, हितंच." त्यांनी पेला विसळून, फडक्यानं पुसून दिला. बाकीच्यांना पुसून दिला नव्हता.

बिंदू चौक हे वेगळं प्रकरण आहे. तिथं बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. स्वातंत्र्यलढ्यात हुतात्मा झालेल्या बिंदू नारायण कुलकर्णी यांचं नाव त्या चौकाला आहे. मागं जुन्या तटाचा बुरूज आणि सबजेल, पुढं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे. ते ९ डिसेंबर १९५० ला बसवले, म्हणजे बाबासाहेब तेव्हा हयात होते. कोल्हापुरात दोघांचं वाजलं की "दम असेल तर बिंदू चौकात ये" असं म्हणतात. पुढारी एकमेकांना म्हणतात, आणि परवा माझ्या दुकानात दोन जावा ब्लाऊजपीसवरून भांडताना एक दुसरीला हेच म्हणाली. सभा असेल तेव्हा जायचं, मागं कडेला उभं राहायचं, एका हातात चहा. भाषण कुणाचंही असो, मी पुतळ्यांच्या बाजूनं उभी राहते. गर्दी हलली तर आधाराला कठडा जवळ असतो.

वर्षातले काही दिवस लक्षात ठेवा. जून-जुलैत पाऊस लागला की चौकात एकच विषय असतो, "किती फूट?" म्हणजे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. ओळख नसलेल्या माणसाशी बोलायला यापेक्षा सोपं वाक्य नाही, आणि उत्तर देणारा राधानगरी धरणाची किती स्वयंचलित दारं उघडली तेही सांगतो. त्याच दिवसांत आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी नदीचं नवं पाणी डोक्यावर घेऊन त्र्यंबोली देवीला निघालेली माणसं पेठांतून जातात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. लांबून नुसता आवाज आला तरी पाय हलायला लागतात. छत्री आणा, पण बसलेल्या शेजारणीच्या डोळ्यात काडी जाणार नाही अशी धरा.

नवरात्रात मंडप आपला नसतो, तो सगळ्या महाराष्ट्राचा असतो. ते नऊ दिवस मी सोडून देते. फक्त अष्टमीच्या रात्री जाते. अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते आणि मंडपात तुळजाभवानीच्या भेटीला येते. सासूबाई म्हणतात, बघ, देवीसुद्धा वर्षातून एकदा घराबाहेर पडून मैत्रिणीकडं जाते. दसऱ्याला दसरा चौक. साडेचारच्या आत पोचलात तर उभं राहायला जागा मिळेल आणि छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी जवळून दिसेल. सूर्य मावळताना सोनं लुटायला पोरं तुटून पडतात, तेव्हा साडी नेसलेली असेल तर निऱ्या वर खोचून घ्या. दरवर्षी त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पाच-सहा फाटलेले फॉल येतात.

आणि किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून देवीपर्यंत जातात, ते बघायला सगळे देवळात गोळा होतात आणि मंडप रिकामा पडतो. जागा हवी तिथली मिळते. पायरीवर पाय लांब करून बसावं, दगड कोमट असतो, देवळाकडून घंटेचा आवाज येतो.

एवढं जमलं की मग बुधवारी या. कमान समोर दिसेल अशा पायरीवर आम्ही दोघी असतो, सासूबाईंना आणलं असेल तर तिघी. हातात पिशवी नसते, त्यावरून ओळखा. सरकून जागा देऊ. शेंगा तुमच्या तुम्ही आणा.